रील जागा दाखवतं, वाट सांगत नाही

जुलै 2022 मध्ये गूगलचे ज्येष्ठ उपाध्यक्ष प्रभाकर राघवन एका परिषदेत उघडपणे बोलून गेले. जेवायला कुठे जायचं हे ठरवताना जवळपास 40 टक्के तरुण गूगल सर्च किंवा मॅप्स उघडतच नाहीत, ते टिकटॉक किंवा इन्स्टाग्रामवर शोधतात, असं त्यांनी सांगितलं. आकडा अमेरिकेतल्या 18 ते 24 वयाच्या मुलामुलींचा होता. आपल्याकडे टिकटॉकवर जून 2020 मध्ये बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणली. इथल्या तरुणांचा कल कळायला पाहणीची गरज नाही. घरातल्या कॉलेजवयीन मुलाला "पावसात कुठे जाऊ या?" एवढं विचारून बघा. तो काही टाइप करत बसणार नाही. अंगठ्याने पडदा वर सरकवत जाईल आणि दोन मिनिटांत तुमच्यापुढे एक धबधबा धरेल.

त्यांनी कुठे शोधावं हा त्यांचा प्रश्न आहे, असं म्हणून हा विषय सोडता आला असता. पण गूगलने तो सोडला नाही. गिऱ्हाईक ज्या गल्लीत वळलं त्या गल्लीत दुकानाने दुसरं दार काढलं. सप्टेंबर 2022 मध्ये शोधाच्या निकालात लोकांच्या चर्चांसाठी वेगळा कप्पा आला. 2023 मध्ये 'पर्स्पेक्टिव्हज' नावाची गाळणी आली, म्हणजे लोकांचे अनुभव, व्हिडिओ आणि पोस्ट वेगळे काढून दाखवण्याची सोय. जिथे पूर्वी निळ्या अक्षरांतल्या दहा लिंक असायच्या, तिथे आता आडवे सरकणारे शॉर्ट्स आणि कुणाकुणाचे संवाद दिसतात. पूर्वी हे यंत्र विचारायचं, या विषयातलं कुणाला कळतं? आता ते आधी विचारतं, या विषयावर कोण बोलतंय? माझा आक्षेप या अदलाबदलीला आहे. आणि मराठीत तर ज्यांना कळतं त्यांनी उघड्यावर बोलणंच सोडलं आहे.

मूळ कल्पना साधी आणि सुंदर होती. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी 1998 मध्ये मांडलेलं 'पेजरँक' असं सांगत होतं की एखाद्या पानाकडे इतर पानं बोट दाखवत असतील तर ती त्या पानाच्या बाजूने साक्ष आहे. ज्याला स्वतःला भरपूर साक्ष मिळालेली आहे त्याच्या साक्षीचं वजन जास्त. संशोधक एकमेकांच्या निबंधांचा हवाला देतात, त्यावरून घेतलेली ही कल्पना. लबाडी तिच्यातही शिरली, लिंकांचा बाजार भरला. तरी साक्ष देणाऱ्याला निदान स्वतःचं पान लिहावं लागत होतं.

मग ट्विटर आलं, फेसबुक आलं आणि साक्ष द्यायला एक बटण पुरेसं झालं. गूगल आणि बिंग या दोघांनीही ऑक्टोबर 2009 मध्ये एकाच दिवशी ट्विटरशी करार जाहीर केले. डिसेंबरमध्ये गूगलच्या निकालात ताजी ट्वीट्स वाहू लागली. जुलै 2011 मध्ये करार संपला आणि तो प्रवाह थांबला. त्याच सुमारास गूगलने स्वतःचंच समाजमाध्यम काढलं, जानेवारी 2012 पासून तिथल्या ओळखीपाळखीच्या लोकांच्या पोस्ट शोधात मिसळल्या, आणि एप्रिल 2019 मध्ये ते गूगल प्लस सामान्यांसाठी बंदही केलं. ट्विटरशी 2015 मध्ये पुन्हा करार झाला. हा सगळा इतिहास एकच गोष्ट सांगतो: शोधात काय दिसणार हे दोन कंपन्यांचं एकमेकींशी जुळतं की नाही यावर ठरत आलं आहे. विचारणाऱ्याची गरज त्या बोलण्यांत कुठेच नव्हती.

"लाइक वाढले की गूगलवर वर येतो" असं सांगून पैसे घेणारे मार्केटिंगवाले आपल्या गल्लोगल्ली आहेत. ते खोटं बोलतात. फेसबुक-ट्विटरवरची पानं आमच्यासाठी इतर पानांसारखीच आहेत, लाइक आणि फॉलोअर यांना वेगळं वजन नाही, असं गूगलचे मॅट कट्स यांनी 2014 मध्येच स्पष्ट केलं होतं. परिणाम होतो तो वळसा घालून. एखादं नाव व्हायरल झालं की हजारो लोक ते नाव सर्चमध्ये टाकतात, ठरावीक निकालावर क्लिक करतात, आणि हे क्लिक मोजले जातात. अमेरिकेत गूगलवर चाललेल्या मक्तेदारीच्या खटल्यात 2023 मध्ये गूगलचेच अधिकारी पांडू नायक यांनी साक्ष दिली की 'नॅवबूस्ट' नावाची त्यांची यंत्रणा 13 महिन्यांच्या क्लिकची नोंद वापरते. म्हणजे काल रात्री रीलने उठवलेली धूळ वर्षभर निकालांवर बसून राहू शकते.

रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळाचं प्रकरण तर डोळे उघडणारं आहे. जून 2023 मध्ये रेडिटने बाहेरच्या ॲप्सवर जबर दर लावले. निषेध म्हणून तिथल्या हजारो चर्चागटांच्या स्वयंसेवकांनी आपापले गट बंद ठेवले, आणि अचानक जगभरच्या लोकांना गूगलचे निकाल पोकळ वाटू लागले. इतकी वर्षं खरी उत्तरं ही फुकट राबणारी माणसं देत होती, हे त्या दिवसांत कळलं. त्यातून गूगलने काय धडा घेतला? फेब्रुवारी 2024 मध्ये रेडिटशी करार केला. वर्षाला सुमारे 6 कोटी डॉलर, अशी बातमी रॉयटर्सने दिली. उत्तरं लिहिणाऱ्यांच्या वाट्याला त्यातला एक डॉलरही आला नाही. त्याच वर्षाच्या मध्याला रेडिटने इतर शोधयंत्रांना दार लावलं, आणि बिंगवर शोधणाऱ्यांना तिथला नवा मजकूर दिसेनासा झाला. जगभरच्या लोकांनी एकमेकांना मोफत दिलेला सल्ला आता ज्याने पैसे भरले त्याच्या खिडकीतूनच दिसतो. ही मला उघड लूट वाटते.

मे 2024 मध्ये गूगलने निकालांच्या डोक्यावर यंत्राने लिहिलेली उत्तरं बसवली. पिझ्झ्यावरचं चीज घसरतं, काय करू, या प्रश्नावर त्याने सॉसमध्ये गोंद घालायला सांगितलं. मूळ शोधलं तेव्हा ते अकरा वर्षांपूर्वी रेडिटवर कुणीतरी केलेल्या थट्टेत सापडलं. जग त्यावर हसलं. मला हसू आलं नाही. चार मित्रांत केलेली थट्टा तिथल्या चौघांना थट्टा म्हणून कळते, कारण त्यांना बोलणारा माहीत असतो, आधी काय बोलणं झालं तेही माहीत असतं. ती उचलून उत्तर म्हणून ठेवली की तिच्यासोबत यातलं काहीच येत नाही. समाजमाध्यमावरचं बोलणं शोधात आणण्यातला मूळ धोका हाच आहे, आणि चीजच्या बाबतीत तो विनोदी दिसतो. सह्याद्रीत तो जीव घेतो.

30 जून 2024, रविवार. लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याचं एक कुटुंब पाण्याचा लोंढा वाढत असताना एकमेकांना घट्ट धरून उभं होतं. पाच जण वाहून गेले, त्यांतली चार मुलं. तो व्हिडिओ महाराष्ट्राने पाहिला. त्या कुटुंबाला एखाद्या रीलने तिथे नेलं असा आरोप करणं चुकीचं ठरेल, भुशी रील्सच्या कितीतरी आधीपासून गजबजलेलं आहे. पण पुढच्याच महिन्यात, जुलैत, माणगावजवळच्या कुंभे धबधब्यापाशी प्रवासाची रील्स करणारी मुंबईची एक तरुणी चित्रीकरण करताना खोल दरीत कोसळून गेली. भुशीच्या दुर्घटनेनंतर पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी पर्यटनस्थळांवर मनाईचे आदेश काढले, त्यांत धोक्याच्या जागी सेल्फी आणि रील काढण्यालाही मनाई होती.

आता सुरुवातीचा तो कॉलेजवयीन मुलगा पुढच्या पावसाळ्यात काय शोधेल आणि त्याला काय सापडेल, ते पाहू. रील तीस सेकंदांचं. ड्रोनमधून दिसणारी हिरवी दरी, पांढरं पाणी, वर गाणं. बरेचदा ते ऑक्टोबरात काढलेलं असतं, पाऊस उघडल्यावर, पाणी निळं आणि निवळ असताना. पाहणारा ते जुलैत पाहतो. चित्रीकरणाची तारीख त्यावर नसते. पायथ्याचं गाव कुठलं, तिथून किती तास, मध्ये ओढा किती वेळा ओलांडावा लागतो, वर पाऊस झाला तर तो ओढा किती वेळात भरतो, कातळावर शेवाळ कधीपासून धरतं, डोह किती खोल आहे, परतीची शेवटची एसटी किती वाजता, यातलं काही नाही. भिऱ्याजवळच्या देवकुंडावर पावसाळ्यात बंदी येते, पण तिथल्या निळ्या पाण्याची रील्स बारा महिने फिरत असतात. बंदीचा आदेश त्यांच्या मागे धावू शकत नाही.

याच्या शेजारी डोंबिवलीच्या ट्रेक्षितिज संस्थेचं संकेतस्थळ ठेवा. कुठलाही किल्ला उघडा, तिथे नेमके मथळे आहेत: पोहोचण्याच्या वाटा, राहण्याची सोय, जेवणाची सोय, पाण्याची सोय, जाण्यासाठी लागणारा वेळ. पाण्याचं टाकं बारमाही आहे की मार्चनंतर आटतं, हे तिथे लिहिलेलं असतं. दिसायला ते रटाळ आहे. पण घसाऱ्यावर पाय सुटल्यावर किंवा वाट चुकून संध्याकाळ झाल्यावर हाच मजकूर माणसाला घरी आणतो. हे लिहिणारे स्वतः चढून गेले होते, परत आले होते, आणि पुढच्याला काय अडेल याचा विचार करून बसून लिहीत होते. रील करणाऱ्याला पुढचा तिथे जाणार आहे की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. पुढच्याने थांबून बघावं, एवढंच त्याला हवं असतं. समाजमाध्यमाचा सगळा हिशेब त्या थांबण्यावर आहे, आणि तो हिशेब शोधात शिरला की ट्रेक्षितिजसारखी पानं खाली जातात.

गर्दीच्या ज्ञानाला मी कमी लेखत नाही. एप्रिल 2021 आठवा. कोविडची दुसरी लाट, ऑक्सिजनचा सिलिंडर मिळत नाही, रेमडेसिव्हिर मिळत नाही, खाट मिळत नाही. त्या दिवसांत लोकांनी ट्विटरवर शहराचं नाव आणि "ऑक्सिजन" असं टाकून शोधलं, कारण सरकारी पानांवर रिकाम्या खाटांचे आकडे शिळे होते. अनोळखी मुलंमुली क्रमांकांच्या याद्या घेऊन एकेक फोन लावत होती. लागला तर पुढे लिहीत होती: खात्री केली, दुपारी चार वाजता. तासाभराने पुन्हा फोन, पुन्हा नवी वेळ. मेलेले क्रमांक आणि भामट्यांचे क्रमांकही त्यात मिसळले होते, आगाऊ पैसे घेऊन पळणारे होते, तरी त्या याद्यांनी माणसं वाचवली. ती का उपयोगी पडली? कारण त्यांवर वेळ होती, आणि चुकलं तर कुणाचा तरी जीव जाईल हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. गर्दीचं ज्ञान इतक्या काळजीने हाताळलं जाऊ शकतं, हे आपण स्वतः करून दाखवलेलं आहे.

ती काळजी नसेल तर काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. 2018 मध्ये भामट्यांनी गूगल मॅप्सवर बँक ऑफ इंडियाच्या शाखांचे फोन क्रमांक बदलून आपले टाकले. नकाशावर कुणीही दुरुस्ती सुचवू शकतो, ही चांगली सोय त्यांनी वापरली. खातेदार बँकेला फोन करतोय असं समजून चोराला पिन सांगत होते. प्रकरण महाराष्ट्र सायबर पोलिसांपर्यंत गेलं. आजही "कस्टमर केअर नंबर" शोधणाऱ्या आईबापांना मुलं बजावतात, गूगलवर मिळालेल्या नंबरवर फोन करू नका.

आता मराठीचं. आपल्याकडची जाणती माणसं गेली कुठे? मायबोली 1996 मध्ये सुरू झालं, त्यानंतर मनोगत, मिसळपाव आली, अनुदिन्या म्हणजे ब्लॉग लिहिणाऱ्यांची एक मोठी पिढी आली. तिथे कुणी अनारशाचं पीठ का फसतं ते लिहिलं, कुणी वारसनोंदीची पद्धत लिहिली, कुणी एकेका लेण्याचा बारकाईने परिचय करून दिला. तो मजकूर आजही सर्चमध्ये सापडतो. मग बहुतेक मंडळी फेसबुकवर गेली, कारण तिथे वाचक होते, दाद होती. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण फेसबुकवर 2016 मध्ये लिहिलेली उत्तम पोस्ट आज लिहिणाऱ्यालाही सापडत नाही, बाहेरून शोधणाऱ्याची तर गोष्टच नको. लॉगिनच्या भिंतीपलीकडे ती पडून आहे. व्हॉट्सॲपवर गेलेलं तर गेलंच. नाशिकच्या द्राक्षबागायतदारांच्या ग्रुपवर पहाटे पानाचा फोटो पडतो आणि सात वाजायच्या आत कुणीतरी अनुभवी शेतकरी सांगतो, हा डाऊनी रोग आहे, अमुक फवारणी आजच घे. सोन्यासारखं उत्तर. ग्रुपमधल्या लोकांना ते मिळतं. पलीकडच्या तालुक्यातला नवखा बागायतदार तोच प्रश्न मराठीत शोधतो तेव्हा त्याला औषधं विकणाऱ्याचा व्हिडिओ मिळतो.

शोधयंत्र आता चर्चांना वजन देतं, आणि आपल्या चर्चा कुलपात आहेत. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या गप्पा रेडिटवर उघड्या आहेत, म्हणून यंत्राच्या दृष्टीने तेवढाच लोकांचा अनुभव. मराठी माणसाचा अनुभव जणू अस्तित्वातच नाही. उघड्यावर दिसतात ती रील्स करणारी माणसं, त्यामुळे मराठीतला आवाज म्हणून तीच पुढे येतात. त्यांतले काही जण छान काम करतात, पण रान मोकळं सोडलं ते आपण.

सरकारी कार्यालयांचं वागणं मला सगळ्यांत जास्त सलतं. पाणीकपातीची सूचना, लसीकरणाचं ठिकाण, घाट बंद असल्याची खबर, शाळेला सुट्टी, सगळं एका सजवलेल्या चित्रात लिहून एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, टाकायचं. वर बोधचिन्ह, खाली अधिकाऱ्याचा फोटो, आणि मजकूर चित्रात अडकलेला. अंध नागरिकाचं वाचनयंत्र तो नीट वाचू शकत नाही, शोधात तो धड लागत नाही, दोन दिवसांनी तेच चित्र तारीख कापून व्हॉट्सॲपवर फिरतं आणि लोक गेल्या वर्षीच्या सुट्टीला यंदा घरी बसतात. स्वतःच्या संकेतस्थळावर साध्या मराठी अक्षरांत चार ओळी आणि तारीख टाकायला काही खर्च येत नाही.

जुलै 2025 पासून इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यांच्या सार्वजनिक पोस्ट गूगल आणि बिंगमध्ये सापडू शकतात. म्हणजे येत्या पावसाळ्यांत धबधब्याचं रील इन्स्टाग्रामपुरतं राहणार नाही, "देवकुंड" असं टाइप करणाऱ्यालाही तेच पुढे येईल. रील्स करणाऱ्या मुलामुलींना म्हणूनच माझं आग्रहाचं सांगणं आहे. गाणं लावा, ड्रोन उडवा, हरकत नाही. पण खाली देवनागरीत लिहा: चित्रीकरण कुठल्या महिन्यात केलं, पायथ्याचं गाव कुठलं, वाटाड्या घेतला होता का, पाणी वाढल्यावर बाहेर पडायची वाट कुठली, आणि तिथे कुणी बुडालेलं असेल तर तेही. शोधयंत्र चित्रापेक्षा अक्षरं सहज ओळखतं, आणि दमलेल्या, भिजलेल्या, वाट शोधणाऱ्या माणसालाही ऐनवेळी चार ओळीच हव्या असतात.

ट्रेकिंगच्या संस्थांनी जुन्या पानांवर यंदाची तारीख टाकावी आणि बदललेल्या वाटा दुरुस्त कराव्यात. द्राक्षवाल्यांनी ग्रुपवरच्या उत्तरांतली निवडक उत्तरं, सांगणाऱ्याला विचारून, हंगामाच्या शेवटी कुठेतरी उघड्या पानावर ठेवावीत. आणि जिल्हाधिकारी कार्यालयांनी मनाईचा आदेश स्कॅन करून टाकू नये, टाइप करून टाकावा. प्रत्येक धबधब्याचं आणि धरणाचं नाव गावातले लोक म्हणतात तसं लिहावं, बंदी कधीपासून कधीपर्यंत तेही लिहावं. हे काम जूनच्या पहिल्या आठवड्यात व्हायला हवं. 2024 चे आदेश निघाले ते भुशीत पाच माणसं गेल्यानंतर.